हिरामावशींची गोळी

हिरामावशी रक्तदाबाची गोळी घ्यायला विसरतात, अशी खूण मी फॉर्मवर केली आणि ती साफ चुकीची होती. दवाखान्याच्या पाहणीसाठी मी मंडईत फॉर्म भरत फिरत होतो. मावशी "अहो, त्याचं काय होतं ना..." म्हणाल्या, तोवर माझं पेन पुढच्या प्रश्नावर पोचलंही होतं. पेन पळवण्यात माझा हात कोण धरणार!

रविवारी मंडईत त्यांच्याकडे भेंडी घ्यायला गेलो. भर उन्हात मावशींनी बाटली उघडली, नुसते ओठ ओले केले आणि झाकण घट्ट लावलं.

"पोटभर प्या की, मावशी."

"आणि जाऊ कुठं? बायकांच्या मुतारीला कुलूप आहे. ती गोळी घेतली की सारखं जावं लागतं. म्हणून बंद केली."

माझं डोकंच फिरलं. फॉर्मवर विसराळूपणाला चौकट आहे, आळसाला आहे, अडाणीपणालाही आहे, कुलपाला नाही! आता डॉक्टर मावशींना झापणार, गोळी आणखी कडक देणार, आणि उद्या त्या इथेच कोसळल्या तर आम्ही शहाणे त्यांना एका आकड्यात मिळवून मोकळे होणार. बाईचं एक वाक्य पुरं ऐकायला आम्हाला सवड नाही, तक्ते रंगवायला आहे.

राग आवरेना, तेव्हा मी मावशींवरच घसरलो. "हे त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

भेंडी तोलता तोलता त्या म्हणाल्या, "सांगत होते की. शेळीसुद्धा कागदात तोंड घालते, साहेब. पण बोललं की मान तरी वर करते."