तिखटमिठाच्या पुऱ्यांचा शेजार

बॉनच्या विद्यापीठात मी डॉक्टरेट करायला गेलो आणि त्यांनी मला बीट उपटायला पाठवलं. साखरेच्या बीटच्या मुळांना जे सूत्रकृमी लागतात त्यांवर माझा प्रबंध होता, आणि सूत्रकृमी काही बॉनमध्ये राहत नव्हते. ते राहत होते हॉलंडच्या हद्दीला चिकटलेल्या एका खेड्यात. म्हणून मीही तिथे राहायला गेलो. पन्नासचं दशक सरत आलं होतं. घरी मिरजेला पत्रात मी ‘संशोधन जोरात चालू आहे’ असं लिहायचो. प्रत्यक्षात दिवसभर दुसऱ्याच्या शेतात उकिडवा बसून किडे मोजायचो, आणि बांधावरून जाणारा प्रत्येक शेतकरी सायकल थांबवून विचारायचा, “काय हेर डोक्टर, आज किती?” हेर म्हणजे साहेब; मी अजून डॉक्टर झालो नव्हतो, पण गावाने मला ती पदवी विद्यापीठाच्या आधीच देऊन टाकली होती.

गावाच्या टोकाला रस्त्यावर लाल-पांढरा अडसर होता आणि अडसरापाशी कस्टमचा एक जाडजूड अंमलदार. माझ्या घरमालकांचं एक कुरण त्या अडसराच्या पलीकडे होतं. त्यामुळे त्यांच्या गाई रोज सकाळी परदेशी जात आणि संध्याकाळी धारेच्या वेळेला मायदेशी परतत. त्यांना कुणी कधी पासपोर्ट विचारला नाही. मी पलीकडच्या दुकानातून शेंगदाण्याच्या तेलाची एक बाटली आणली, तर अंमलदाराने ती उजेडाकडे धरून पाच मिनिटं न्याहाळली.

गाव वाढत होतं. चर्चमागच्या बीटच्या रानात नवी गल्ली उठली होती आणि तिथे लढाईनंतर पूर्वेकडून हाकलून लावलेली माणसं घरं बांधत होती. आमच्या अंगणाला लागून एका सुताराचं घर उभं राहिलं. त्याचं मूळ गाव आता पूर्वेच्या सरहद्दीच्या भलत्याच बाजूला गेलं होतं. या गावात येऊन त्याला बारा वर्षं झाली होती, गावातल्या निम्म्या छपरांच्या तुळया त्याने बसवल्या होत्या, तरी गाव त्याला ‘तिकडचा’ म्हणायचं. मला येऊन तीन महिने झाले होते आणि मी ‘आमचा इंडर’, म्हणजे आमचा हिंदुस्थानी, होतो. मला याचा पहिल्यांदा अभिमान वाटला, मग जरा लाज वाटली.

आता त्या गावचा एक रिवाज सांगायला हवा. तिथे प्रत्येक घराला एक ‘नोटनाखबार’ असतो, म्हणजे अडीनडीचा शेजारी. तो आपल्या मर्जीने ठरत नाही. ज्याचं दार सर्वांत जवळ, तो. लग्न असलं की दाराला हिरवी माळ त्याने बांधायची, बाळंतपण असलं की सुईण त्याने आणायची, माणूस गेलं की घरोघर त्याने सांगायचं आणि पेटी उचलायला पुढे त्याने उभं राहायचं. जुन्या घरांचे हे शेजार पणजोबांच्या काळापासून ठरलेले. नवं घर झालं तर मात्र जवळच्या घरातून ब्रोट आणि झाल्त्स, म्हणजे पाव आणि मीठ, उंबरठ्यावर न्यावं लागे. ते नेलं की शेजार पक्का. नेलं नाही, तर दुसरा कुणी मध्ये पडत नसे, कारण मान जवळच्या दाराचा!

सुताराचं सर्वांत जवळचं दार आमच्या मालकांचं. आणि मालकांनी जाहीर केलं होतं की त्यांच्या घरातून त्या घरात पावाचा तुकडा जाणार नाही. कारण काय, तर त्या जागेत वीस वर्षं त्यांचं बीट होतं. जागा चर्चची, ती घरांना दिली चर्चने. पण चर्चवर रागावता येत नाही, सुतारावर येतं. मालक मुळात कमी बोलणारे. शब्द काढायचा म्हणजे त्यांना दाढ काढल्यासारखं वाटे. सुताराच्या बाबतीत तर त्यांनी मौनव्रतच धरलं होतं. कुंपणाच्या अलीकडे हे उभे, पलीकडे तो, आणि दोघेही आपापल्या ढगांकडे बघत असायचे.

सप्टेंबरात सुताराच्या बायकोने मला कुंपणावरून हाक मारली आणि निळ्या काठाच्या पत्र्याच्या थाळीत आलुबुखाऱ्याचा केक दिला. ती गरोदर होती, बीट काढणीच्या सुमाराला दिवस भरायचे होते. तिचं पहिलं मूल पळून येताना मालगाडीत जन्मलं होतं आणि तिथेच गेलं होतं. हे तिने मला बटाट्याचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. मग म्हणाली, “या खेपेला दार ठोठावलं की कुणीतरी उघडावं, एवढंच मागणं आहे.” मी केक फार छान झालाय म्हणालो. तो अजून खाल्लाही नव्हता.

केक संपला आणि थाळी राहिली. आणि इथे माझं मराठीपण आडवं आलं. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आमच्या आईने मला अआइईच्या आधी शिकवलेलं. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. पण गरोदर बाईला चिमूटभर साखर काय द्यायची? रविवारी मालक मंडळी चर्चमध्ये गेल्यावर मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आईने पार्सलने पाठवलेलं तिखट, हळद आणि हिंग होतं, आणि कस्टमची नजर लागलेलं तेल होतं. तासाभरात तिखटमिठाच्या वीस पुऱ्या तळून झाल्या. पहिल्या पाच फुगल्या नाहीत, त्या मीच खाल्ल्या. अकरा थाळीत रचल्या, त्यावर मालकीणबाईंचा भरतकामाचा पांढरा रुमाल घातला आणि सुताराचं दार वाजवलं.

सुतार रविवारच्या कपड्यांत होता. त्याने रुमाल उचलला. “हे काय आहे?”

“ब्रोट,” मी म्हणालो. पुरीला दुसरं काय म्हणणार? मग तिखटामुळे त्यांची फजिती होऊ नये, पण एकदम घाबरूही नयेत, म्हणून नुसतंच पुढे जोडलं, “आणि झाल्त्स. झाल्त्स आहे त्यात.”

तो माझ्याकडे बघत राहिला, मग रुमालावरच्या मालकीणबाईंच्या आद्याक्षरांकडे. त्याने थाळी दोन्ही हातांनी घेतली. आत त्याची बायको खुर्चीवर बसली आणि एप्रन तोंडाला लावून रडायला लागली. मला वाटलं, हिंगाचा वास सहन झाला नाही.

तासाभराने मालक गुत्त्यातून घरी आले ते लालबुंद होऊन. चर्चनंतर सगळे शेतकरी गुत्त्यात एकेक ग्लास बिअर घ्यायचे. तिथे सुताराने येऊन सगळ्यांना बिअर पाजली होती आणि सांगितलं होतं की आज त्याच्या घरी ब्रोट आणि झाल्त्स आलं.

“तुम्ही माझ्या घरातून पाव नेलात?” मालकांनी विचारलं. गेल्या तीन महिन्यांतलं त्यांचं माझ्याशी हे सर्वांत लांब वाक्य.

“पाव नाही, पुऱ्या! भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून.”

“कुणी सांगितलं?”

“आईने.”

आईपुढे जर्मन शेतकऱ्याचंही काही चालत नाही. शेवटी म्हणाले, “आल्झो, बरं तर, हा पाव नाहीच. उरलेत का? चला.” आणि उरलेल्या चार पुऱ्यांसह मला गुत्त्यात नेऊन उभं केलं.

तिथे माझ्या पुऱ्यांवर खटला चालला. गावातला बेकर म्हणाला, भट्टीत गेलं नाही तो पाव नव्हे. मालक म्हणाले, “आत तर नुसती हवा आहे!” सुतार टोपी हातात धरून भिंतीशी उभा होता. मी त्याचं तोंड बघितलं. आपण एका माणसाला भलतीच आशा लावून बसलो, हे मला तेव्हा कळलं. मग कुणीतरी म्हणालं, कोणता माल कशात मोडतो हे ज्याचं रोजचं काम आहे त्यालाच विचारा. सगळे कोपऱ्यात बिअर घेत बसलेल्या कस्टमच्या अंमलदाराकडे वळले.

तो उठला. बटणं लावली. पुरी उजेडाकडे धरली, वास घेतला, तुकडा मोडून चावला. मोठ्या निगुतीने चावला. मग त्याच्या कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने एका दमात बिअरचा ग्लास रिकामा केला.

“गहू,” तो खोकत म्हणाला. “पाणी. म्हणजे पाव. मीठ आहे?”

“आहे,” मी म्हणालो.

“गेनाऊ. अगदी बरोबर. ब्रोट आणि झाल्त्स.”

“आणि बाकीचं?” मालक गरजले.

“बाकीचा माल जाहीर केलेला नाही,” अंमलदार म्हणाला. “पण तो मी आता पोटात जप्त केलाय.”

गुत्ता हसला. मालक हसले नाहीत. घरी आल्यावर मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, “दिलेला पाव परत घेत नाहीत.” मालकांनी मला बजावलं, “वेळ आली तर तुम्ही जा. नेलात तुम्ही.”

माझी झोप उडाली. मला मोटार चालवता येत नव्हती. सुईण शेजारच्या गावी, सुताराकडे फक्त सायकल. सुताराची बायको आधी शहरातल्या दवाखान्यात नाव घालायचं म्हणत होती, ते तिने आता सोडून दिलं होतं. म्हणाली, “आता शेजार आहे ना!” ती हे म्हणाली की मला घाम फुटायचा. मूल आणि आई यांना काही झालं असतं तर ते माझ्या पुऱ्यांमुळे.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी मी शेतात मुळं तपासत होतो. सुतार हॉलंडात कुठल्याशा छपरावर होता. मान वर केली तर त्याची बायको एका हाताने कुंपण आणि दुसऱ्याने पोट धरून वाकून उभी होती. मी किडे टाकून धावत सुटलो. मालक ट्रॅक्टरवर होते, मागच्या गाड्यात बीट शिगोशीग भरलेलं, साखर कारखान्याची वॅगन स्टेशनवर थांबलेली. मी ओरडलो, “तिची वेळ आलीय!” मालकांनी बीटकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरले आणि घरात निघून गेले.

मी तिथेच उभा राहिलो. आयुष्यात मी एवढ्या शिव्या कुणाला दिल्या नाहीत, आणि त्या सगळ्या मराठीत असल्यामुळे वाया गेल्या.

पाच मिनिटांनी दार उघडलं. मालक बाहेर आले ते काळा लांब कोट आणि डोक्यावर उंच काळी रेशमी हॅट घालून. नोटनाखबाराचं काम साध्या कपड्यात करत नाहीत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! ते ट्रॅक्टरवर चढले. गाडा सोडवायलाही थांबले नाहीत. जर्मनीतून सुईणीचं गाव नऊ किलोमीटर, हॉलंडच्या कोपऱ्यातून तीन. ते सरळ अडसराकडे निघाले. सरहद्दीवर पोचेपर्यंत निम्मं बीट रस्त्यावर सांडलं होतं. अंमलदाराने ती हॅट लांबूनच ओळखली, अडसर वर केला आणि सलाम ठोकला. ती बातमी पुढे महिनाभर गावाला पुरली.

सुईण आली ती उरलेल्या बीटवर बसून, मांडीवर पिशवी घेऊन. मालकीणबाई आधीच आत गेल्या होत्या. मालक सुताराच्या दाराबाहेर हॅट घालून ताठ उभे राहिले. मीही उभा राहिलो, हातात चिखलाचं बीट घेऊन. चार वाजता आतून रडणं ऐकू आलं आणि मला हुंदका फुटला. मालकांनी माझ्याकडे न बघता मला रुमाल दिला.

सुतार सायकल दामटत आला. मालक त्याच्याशी पहिल्यांदाच बोलले.

“मुलगी आहे. दोघी ठीक आहेत,” ते म्हणाले. मग सुताराने केलेल्या फाटकाकडे बोट दाखवून म्हणाले, “आणि हे नीट लागत नाही.”

ती निळ्या काठाची थाळी त्यानंतर थांबलीच नाही. केक गेला की सॉसेज यायचं, सॉसेज गेलं की अंडी. कुणाची थाळी आहे हेही पुढे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दुसऱ्या वर्षी माझं काम संपलं तेव्हा मालक मला बसपर्यंत पोचवायला आले. हॅट घालून. मी म्हटलं, “कुणी मेलंय का?” मी बसमध्ये चढलो तशी त्यांनी पायरीवर एक पाय ठेवला आणि थाळी पुढे केली. थाळीत काळा पाव आणि मिठाची पुडी.

“हा तुमचा उंबरठा,” ते म्हणाले. “आता तुमच्या मयताला मला यावं लागेल. लांब आहे. तेव्हा घाई करू नका.”

मी घाई केली नाही. घाई त्यांनी केली. चार-पाच वर्षांनी पुण्याला माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर सुताराचं पत्र आलं, बोटीने आलेलं, दोन महिने जुनं. मालक गेले होते. सुताराने लिहिलं होतं, “घरोघर सांगायला मीच गेलो. हॅट मालकीणबाईंनी माझ्या डोक्यावर ठेवली, ती माझ्या कानांवर येते. पेटी उचलायला सहा जण लागतात. आम्ही पाचच होतो. सहावी जागा तुमची, म्हणून तिथे कुणाला उभं राहू दिलं नाही. एका बाजूला जरा कलत होती, पण नीट पोचवली.”