झिंग्याची खोली आणि मिठाचा पुडा

तलावातला गाळ निदान उन्हाळ्यात काढता येतो. आमच्या मच्छीमार संस्थेतल्या किश्श्यांचा गाळ मात्र कोणीच काढत नाही, वर्षानुवर्षं साचतोच आहे बाप्पा! मी पोंभुर्ण्याकडच्या एका गावातल्या या संस्थेची सचिव. बारावी पास झालेली सून आहे म्हणून पद गळ्यात पडलं. परवा मीटिंगमध्ये चहा येईपर्यंत आम्ही नुसतं गेल्या हंगामाचं आठवून हसत होतो. आता हसू येतं. तेव्हा माझं काय झालं होतं, ते मला विचारा!

झिंग्याची आयडिया माझी होती. झिंगा टाकायचा आणि सात महिने तलाव बंद ठेवायचा, असं सभेत ठरलं. जमलं नाही तर तलाव ठेकेदाराला द्यायचा आणि आपण सगळ्यांनी त्याच्याकडे रोजीने जायचं, हेही ठरलं. आमचे सगळ्यात जुने जाळेवाले दसरूभाऊ उठून म्हणाले, "सुनबाई, तलाव गेला तर तुले गावात पाणी नाई भेटणार, सांगून ठेवतो."

*

बीज आलं, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांमधून. झिंग्याचं बीज म्हणजे पापणीच्या केसाएवढं. मी बांधावर उभी राहून सगळ्यांना समजावलं की हे गोड्या पाण्यात वाढतात, पण यांची पिल्लं खाऱ्या पाण्यातच जगतात, म्हणून बीज दरवर्षी बाहेरून आणावं लागतं.

दसरूभाऊंनी चष्मा लावला. पिशवी उन्हात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"सुनबाई, गाडीभर पाणी आणलंस! आपल्या तलावात पाणी नव्हतं काय?"

*

मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातले निमाईदा आम्हाला शिकवायला यायचे. त्यांना झिंग्याचा लई अनुभव. त्यांनी सांगितलं, तलावात बांबूचे शेंडे आणि झाडाच्या फांद्या टाका. झिंग्याला लपायला आपापली जागा लागते, नाहीतर ते एकमेकांना खातात.

आमच्या अध्यक्ष ताराबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"माह्या घरी तीन सुना एका खोलीत राह्यतेत, आन् झिंग्याले सेपरेट रूम!"

मग स्वतःच म्हणाल्या, "पण खरं हाय. त्या बी एकमेकीले खाऊनच राह्यल्या." आणि पहिली फांदी त्यांनीच ओढत आणली.

*

मग आले पाणकावळे. डुबकी मारायचे आणि आमची मेहनत गिळून वर यायचे. बांधावर बुजगावणं उभं केलं. कपडे नव्हते म्हणून मी नवऱ्याचा लग्नातला कोट घातला त्याला. नवरा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

तिसऱ्या दिवशी दसरूभाऊ नवऱ्यासमोरच बुजगावण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सुनबाई, काही म्हण, पण हा बरा हाय. दिवसभर कामावर उभा तरी राह्यते!"

तेव्हापासून नवरा रोज बांधावर हजर. दोघांमुळे पाणकावळे निम्मे झाले.

*

आणि ती सकाळ! ताराबाई ओरडतच घरी आल्या, "सुनबाई, मेले वं! सगळे मेले!"

मी अनवाणी पळाले. काठाला झिंगेच झिंगे लागलेले. पाय, मिशा, शेपटी, सगळं होतं. बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या. मला तर ठेकेदाराच्या रांगेत उभं गावच दिसायला लागलं. दसरूभाऊ काठावर वाकून बघत होते. मी निमाईदांना फोन केला.

"आत मांस आहे?" त्यांनी विचारलं.

उचलून बघितलं. "नाही."

"वास?"

"नाही."

"मग रडता काय! मोठे झाले. जुनी कात टाकली त्यांनी, नवी येणार."

मी तिथेच चिखलात बसले. हसू की रडू, काही कळेना. दसरूभाऊंनी एक रिकामं कवच उचललं आणि मान हलवली. "आमच्या घरी मोठ्याचे कपडे लहान्याले देतेत. हे त् फेकूनच देतेत! मोठ्या घरचे दिसतेत."

*

जाळं ओढायच्या दिवशी चंद्रपूरचे व्यापारी सलीमभाई बर्फाच्या पेट्या घेऊन आले. ठेकेदाराचा माणूसही मोटरसायकलवर बसून बघत होता. पहिलं जाळं ओढलं. जड लागलं. वर आलं तर निळ्या नांग्यांचे वीतभर झिंगे नुसते उसळत होते! सलीमभाई म्हणाले, "माशाल्ला!" मोटरसायकल कधी गेली, कोणालाच कळलं नाही. वाचलो, बाप्पा! तलाव आमचाच राहिला. मी बांधावर बसून पोटभर रडून घेतलं.

डोळे पुसून बघते तर दसरूभाऊ पोटाखाली नारंगी अंडी असलेल्या माद्या वेचून परत पाण्यात सोडत होते. पहिल्या जाळ्यातली अंडीवाली आई सोडायची, हा आमच्या ढिवर मच्छीमारांचा जुना कायदा.

"भाऊ, काऊन सोडता? पिल्लं नाई जगत इथी! खारं पाणी लागते, सांगतलं होतं ना!"

"ऐकलं होतं," ते म्हणाले, आणि पुढची सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून जात होते. दसरूभाऊ गुडघाभर पाण्यात वाकलेले. हातात किलोचा मिठाचा पुडा, अर्धा रिकामा.

मला बघून लाजले. मग ओंजळीत तलावाचं पाणी घेतलं आणि माझ्यासमोर धरलं.

"तू शिकलेली हायस. चाखून सांग, जमलं काय?"

मी चाखलं.

"थोडं कमी हाय, भाऊ."