करुणेचा तास

आमच्या शहरातल्या एका मेडिकल कॉलेजात एक प्राध्यापक पोरांना करुणा शिकवतात. मी पडलो हौशी नट, म्हणून त्या तासाला ते मला पेशंट करून खाटेवर झोपवतात. त्यांचं शिकवणं मोठं देखणं! आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घालायचं, म्हणजे पेशंटला घाई वाटत नाही. मग स्टूल ओढायचं, मान किंचित कलवायची आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून "बोला काका" म्हणायचं. माझे तर डोळेच भरून येतात.

परवा ते घड्याळ काढत होते, तेवढ्यात दारात पैठणकडची एक बाई आली. "सायेब, मालकाला साखर निघालीय. मेंढरांमागं फिरतेत. वॉर्डात ओट्स खा म्हन्ले. मंग ज्वारीची भाकर बंद करू का?"

"बाई, बाहेर थांबा. इथं करुणेचा तास चालू आहे."

ती दारातच उभी राहिली. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बोला काका."

मी कण्हलो, "डॉक्टर, मला साखर निघालीय. मेंढरांमागं फिरतो. भाकरी बंद करू का?"

सर विरघळले. "भाकरी खा, काका. बेतानं खा, सोबत भाजी-वरण भरपूर घ्या. गूळ सोडा. आणि उपाशीपोटी रानात जाऊ नका बरं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी घड्याळ पुन्हा चढवलं आणि दाराकडे वळले. "हं बाई, काय विचारत होतात?"

"काय नाय सायेब, झालं," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "या दादाला तेवढं नीट बघा. त्याला बी तेच झालंय."