आमच्या घरातलं लक्झेंबर्ग

शाळेच्या डिबेट क्लबात लेकीच्या वाट्याला बेल्जियम आलं आणि कॅरी गावातल्या आमच्या घरात संसद भरू लागली. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या शेजाऱ्यांची एक सामाईक संसद असते म्हणे. सरावासाठी नवरा नेदरलँड्स झाला. सगळ्यांत चिमुकलं लक्झेंबर्ग अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

“पण ही संसद करते काय?” मी विचारलं.

“अ‍ॅडव्हाइस देते. सरकारांवर बाइंडिंग नसतं.”

“म्हणजे आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या काकूंसारखं.” दर गणपतीत काकू उकडीच्या मोदकांचा आग्रह धरतात, सगळे माना डोलावतात आणि शेवटी फ्रोझनच येतात.

“नो, आई. सरकार नाही म्हणू शकतं, पण रिप्लाय द्यावा लागतो. का नाही, ते सांगावं लागतं.”

हा नियम मला फार आवडला. आमच्याकडे ‘नाही’ला कारण जोडायची पद्धतच नाही. लेकीला कॉलेजसाठी बॉस्टनला जायचं होतं. तिनं घरून, इथल्याच कॉलेजात जावं असं नवऱ्यानं परस्पर ठरवलं होतं. विषय निघाला की हा “नाही म्हटलं ना” म्हणायचा आणि लॅपटॉप उघडायचा. मी दर वेळी लेकीची बाजू घ्यायचे.

शनिवारी जेवणं झाल्यावर सरावाला बसलो, तर बेल्जियम उभं राहिलं. “माझं रेकमेंडेशन आहे की मी बॉस्टनला जावं.”

“नाही,” नेदरलँड्स म्हणालं.

“फाइन. रीझन?”

“तिथे थंडी फार.”

“जॅकेट घेईन.”

“इथलं कॉलेज काय वाईट आहे?”

“दॅट्स नॉट अ रीझन, बाबा.”

तो टेबलावरचा चुरा गोळा करू लागला. मग म्हणाला, “तू गेल्यावर मला इथे कोण आहे?”

समोर अख्खं लक्झेंबर्ग बसलंय, याचं त्याला भानच नव्हतं. एरवी मी त्याला सोडलं नसतं, पण त्याचे डोळे भरले होते. लेकीनं मागून त्याच्या गळ्यात हात टाकले.

“आई, तुझं व्होट?”

“जाऊ दे तिला,” मी नेहमीसारखं ठणकावून सांगितलं.

त्यानं नाक पुसलं. “जा मग,” म्हणाला.

लेक नाचायला लागली आणि मला रडू कोसळलं. इतके दिवस मी बिनधास्त तिची बाजू घेत होते, कारण तो नाहीच म्हणणार याची मला खात्री होती.