वखारीत बाजूला ठेवलेली गासडी

मुरबाडच्या गवताच्या वखारीतली ती घटना इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. चोरी नाही, खून नाही, एका मजूर बाईच्या हाताचे प्रकरण होते. कोणाचेही नाव मी येथे देत नाही.

दुसरे महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते आणि मी मुरबाडला फौजदार होतो. दिवाळीनंतर तालुक्यात गवताचा हंगाम सुरू होई. माळावरचे गवत कापून वखारीत आणायचे, लाकडी चापात दाबून त्याच्या गासड्या बांधायच्या आणि बैलगाड्यांनी कल्याणला पोचवायच्या. तेथून ते मुंबईच्या तबेल्यांना जाई.

बाजाराच्या दिवशी आसपासचे पोलीस पाटील ठाण्यात येऊन आपापल्या गावची खबर देत. टोकावड्याच्या बाजूचा एक पाटील सगळे सांगून झाल्यावर उठला, चपला पायात घातल्या आणि दारातून म्हणाला, "सायेब, आमच्याकडं एक बाय झाडावरनं पडली."

"मग?"

"मग काय नाय. डोकं धड हाय, पाय धड हायेत, कुठं खरचटलं पन नाय. उजवा हात तेवढा पिचलाय, कोपरापासून पंज्यापर्यंत."

"पाटील, तुम्हाला काय सांगायचंय?"

"मी सांगितलं की, सायेब." एवढे बोलून तो बाजारात गेला.

गावात कोणाशी वैर न घेता खबर द्यायची ही पाटलांची रीत असे. मी दुसऱ्या दिवशी त्या गावी गेलो. बाई हंगामात गवताच्या वखारीत मजुरीला जाई, एवढे वाटेतच कळले.

बाई तिशीची असेल. उजव्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. डाव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. नवरा उंबऱ्यात बसला होता. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, "लाकडं काढाया जंगलात गेली, झाडावरनं पडली."

"तिला बोलू दे."

बाईने माझ्याकडे पाहिले. "पडले, सायेब."

"वखारीत कामाला होतीस ना?"

"व्हते. पन तुमी लिवून घेनार, मग जंगलवाले येनार. राखीव जंगलात चढलीस, फांदी तोडलीस, म्हनून केस घालनार. वखारीचं नाव काढलंस तर तसं करीन, असं वखारीच्या शेठनं सांगून ठेवलंय. त्यापरास नुसती पडले ती बरी."

तिचे तोंड कसे बंद केले होते ते मला कळले. खरे बोलली तर चोर ठरणार आणि गप्प राहिली तर फक्त लुळी होणार. मी काही लिहून घेतले नाही. निघताना तिनेच विचारले, "तुमच्या पंचनाम्यात दुखनं कुठं लिवतात वो?"

मी म्हणालो, दुखापत लिहितात.

"दुखापत नाय. दुखनं."

मी तेथून वखारीकडे निघालो.

वखारीचा ठेकेदार शहापूरकडचा होता आणि त्या दिवशी तेथे नव्हता. मुकादमाने मला सगळे दाखवले. चापाची पेटी माणसाच्या छातीएवढी उंच होती. बायका हातांनी गवत आत कोंबत. मुकादम 'फिरव' म्हणाला की चार गडी दांडा फिरवत, वरची फळी खाली येई आणि गवत दाबले जाई. फळी यायच्या आत हात बाहेर काढायचा, एवढीच काळजी.

मुकादम सावकाश बोलत होता, माझी नजर चुकवतही नव्हता. बाई वखारीतून धड गेली आणि पुढे जंगलात पडली, असे त्याने सांगितले. चाप धुऊन काढलेला होता. तेथे मला काही मिळाले नाही. मिळाले ते बाहेर पडताना. गासड्यांची थप्पी छपरापर्यंत गेली होती आणि एकच गासडी कोपऱ्यात वेगळी पडली होती.

"ही का नाही गेली?"

"भिजकी हाय, सायेब. सडंल."

मी हात लावून पाहिला. ती खडखडीत कोरडी होती. मी पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर शिपायाला तार तोडायला सांगितले. गवताचे थर सुटत गेले. मध्यावर गवत काळसर होऊन चिकटले होते आणि त्यात हिरव्या काचेचे तुकडे होते.

मुकादमाला चावडीवर आणले. मी त्याला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही.

"ही गासडी जाळली का नाहीस?"

"वखारीत इस्तू कोन लावंल, सायेब?"

"गाडीत का नाही घातलीस? मुंबईला गेली असती, कोणाला पत्ता लागला नसता."

तो म्हणाला, "काच हाय त्यात. तबेल्यातल्या म्हशीनं खाल्ली असती. मुकी जात, सायेब. पोटात काच गेली तर सांगनार कोनाला?"

"म्हशीला सांगता येत नाही म्हणून तू तिची काळजी केलीस. बाईला सांगता येत होतं. तिनं सांगितलं नाही?"

त्याने पाणी मागितले, पण प्याला नाही. तांब्या हातात धरून बोलू लागला. कल्याणला रेल्वेची वॅगन ठरली होती, गाड्या जुंपून उभ्या होत्या. गासड्या कमी पडत होत्या आणि ठेकेदार चापाशेजारी उभा राहून घाई करीत होता. बाईचा हात आत असतानाच फळी खाली आली. ती ओरडली.

"तुला ऐकू आलं?"

"आलं. शेठ म्हनाले, थांबू नको. मी म्हटलं, फिरव."

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण मुकादम बोलला म्हटल्यावर दांड्यावरचे चौघेही बोलले, आणि गासडीचा पंचनामा होताच. मग मी पुन्हा बाईकडे गेलो आणि जंगलाची केस होणार नाही असे सांगितले. ती सरळ बोलली, तिचा जबाब मला एकदाही खोडावा लागला नाही. ठेकेदार आणि मुकादम दोघांवर कलम ३३८ खाली, निष्काळजीपणाने जबर दुखापत केल्याचे दोषारोपपत्र गेले.

कामगारांच्या भरपाईचा कायदा तेव्हाही होता, पण हाताने फिरवायच्या चापावरच्या हंगामी मजुराला तो लागू होत नाही, असे सांगण्यात आले. कोर्टात ठेकेदाराच्या वकिलाने तडजोडीचा अर्ज दिला. हाताबद्दल काही रक्कम द्यायची तयारी दाखवली. मॅजिस्ट्रेटनी बाईला विचारले, मान्य आहे का.

"हाताचं मान्य हाय," ती म्हणाली. "आनि दुखल्याचं?"

वकील हसले. "बाई, आता दुखायचं थांबलं ना?"

"तुमचं थांबलं."

कोर्टात कोणी हसले नाही. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "तुला काय पाहिजे ते सांग."

तिने सांगितले. भाताची आवणी बायका सावडीने करतात. आज ही दुसरीच्या शेतात रोपे लावते, उद्या दुसरी हिच्या शेतात येते. "माझा हात नाय म्हनून लोक यायचं थांबनार नाय. येतील. पन फुकट येतील. मी कोनाच्या शेतात वाकले नाय आनि माझ्या शेतात सगळ्या वाकल्या, त्यांना भाकर वाढताना मला जे दुखंल, ते हातापरास जास्त हाय. शेठनं माझ्या जागी मानूस उभा करावा. माझ्या नावानं लोकांच्या शेतात लावनी करावी. मी शेत करते तवर."

वकील म्हणाले, कायद्यात अशी भरपाई नाही.

"मनाईही नाही," मॅजिस्ट्रेट म्हणाले आणि ती अट तडजोडीत घातली.

पुढच्या आषाढात मी टोकावड्याच्या फेरीवर होतो. रस्त्यालगतच्या खाचरात बायकांची रांग वाकली होती आणि रांगेत एक पुरुष होता. ठेकेदाराने मजूर पाठवला असेल असे मला वाटले. जवळ गेल्यावर पाहिले, तो मुकादम होता. वखारीचे काम त्याने सोडले होते. बाईकडे जाऊन 'तुझ्या जागी मीच येतो' म्हणाला होता, असे मला पाटलाकडून कळले.

बाई बांधावर उभी राहून डाव्या हाताने रोपांच्या मुठी फेकत होती. शेत दुसऱ्या कोणाचे होते.

"मुकादम," ती म्हणाली, "रांग वाकडी चाललीय तुमची. आवाज दिला की थांबायचं."

बायका हसल्या. मुकादम थांबला, मागे सरला आणि चुकलेली रोपे उपटून पुन्हा लावू लागला.

मी सायकल पुन्हा रस्त्याला लावली. नोकरीत जखमांचे पंचनामे पुष्कळ लिहिले. लांबी, रुंदी, खोली. त्या प्रकरणानंतर मात्र जखमी माणसाचा जबाब घेताना मी एक प्रश्न जास्त विचारू लागलो: या दुखण्याने तुमचे काय बंद पडले? माणसे आधी गोंधळत आणि मग सांगत. त्यांनी सांगितलेले डॉक्टरच्या दाखल्यात कधी सापडले नाही.