हॉलच्या लाकडावरचे रंगाचे ठिपके

रियाधमधल्या आमच्या कंपनीच्या वसाहतीत एकाच घराला लाकडी जमीन होती आणि ते घर आमच्या वाट्याला आलं होतं. पूर्वी तिथे कोणी अमेरिकन साहेब राहायचा. त्याने हौसेने लाकूड बसवून घेतलं आणि मग तो गेला. बाकीच्यांकडे फरशी, आमच्याकडे लाकूड, त्यामुळे आमच्या यांना आपणही थोडे साहेब आहोत असं उगाचच वाटायचं. पुसायला मात्र मी होते.

ती सौदीकरणाची वर्षं. सरकारने कंपन्यांना रंग वाटले होते. सौदी माणसं पुरेशी असतील तर कंपनी हिरवी, कमी असतील तर पिवळी, अगदीच नसतील तर लाल. आमची पिवळी होती आणि तिला हिरवं व्हायचं होतं. म्हणून हिशेब विभागात एक सौदी मुलगा आला, हुफूफ गावचा, नुकताच शिकून बाहेर पडलेला, आणि त्याची खुर्ची आमच्या यांच्या खुर्चीला लावली गेली. शेजारी बसून शिकणारा उद्या नवऱ्याची जागा घेणार, हा त्या खुर्चीचा अर्थ रियाधमधल्या प्रत्येक भारतीय बायकोला न सांगता कळायचा. कंपनीचे साहेब यांना म्हणाले, "त्याला तुमची गरज वाटली तर वर्षभर राहा, शिकवा. नाही वाटली तर बघू."

आम्हाला ते वर्ष हवंच होतं. मुलगी बारावीत जात होती. बारावीच्या मध्येच कुठलीही शाळा कोणाला घेत नाही, आणि यांचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपला की आम्हा दोघींचाही संपणार. पुढच्या मार्चमधली तिची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत काहीही करून रियाधमध्ये टिकायचं, एवढाच एक विचार तेव्हा आमच्या घरात होता.

यावर उपाय म्हणून यांनी त्या मुलाला जेवायला बोलवायचं ठरवलं. जेवता जेवता हळूच परीक्षेचा विषय काढायचा. इथपर्यंत ठीक. पण पाहुणा येणार, त्यात गुढीपाडवा जवळ आलेला, म्हणून हॉलला रंग द्यायचं निघालं, आणि तोही स्वतः. "त्यात काय आहे?" असं मराठी नवरा ज्या कामाबद्दल म्हणतो, त्या कामापासून घरच्यांनी लांबच राहावं.

जमिनीवर काय अंथरायचं, इथे गाडी अडली. अरबी वर्तमानपत्र अंथरता येत नाही. त्यात अल्लाचं नाव छापलेलं असतं, त्यावर पाय पडलेला कोणी पाहिला तर परीक्षा राहिली बाजूला, थेट विमानतळ. माझ्याकडे मराठी मासिकांचा गठ्ठा होता, पण छापील कागदाला पाय लागला की मी आजही नमस्कार करते. सरस्वती कुठल्याही देशात सरस्वतीच. प्लास्टिक आणायला जावं तर नमाजाची वेळ झालेली, दुकानं बंद. शेवटी यांनी माझी जुनी सोलापुरी चादर अंथरली. ती वापरून वापरून चाळणी झाली होती. रंग भिंतीवर छान बसला आणि चादरीतून छान गळला. दुसऱ्या दिवशी चादर उचलली, तर लाकडाला देवी आल्या होत्या.

यांनी आधी थिनर लावला. ठिपका गेला, त्याच्याबरोबर पॉलिशही गेलं आणि तिथे भाकरीएवढा फिका डाग उरला. सोफा त्यावर सरकवला. खोलीच्या मधोमध सोफा का, असं पाहुण्याने विचारलं तर काय सांगायचं यावर आमची अर्धा तास चर्चा झाली.

शेजारची रत्नागिरीकडची चाची आली. तिच्या घरच्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि आमच्या घरात काय चाललंय हे तिला आमच्याआधी कळायचं. ती वाकून म्हणाली, "अगो बाय, खोबरेल लाव, जरा मुरू दे नि नखाने काढ." मी लावलं. ठिपके निघाले नाहीत, फक्त चमकायला लागले. जाता जाता ती म्हणाली, "इतकं कशाला करतेस गो त्या पोरासाठी? सौदी आहे तो, सासू नाही."

मग यांच्या अमेरिकेतल्या भावाने फोनवर अक्कल शिकवली. म्हणे, अल्कोहोलने पुसून बघ. रियाधमध्ये अल्कोहोल! हे औषधाच्या दुकानात गेले, इकडेतिकडे बघून दुकानदाराच्या कानाशी तो शब्द पुटपुटले आणि इंजेक्शनच्या आधी दंडावर फिरवतात ते ओले बोळे खोकंभर घेऊन आले. त्यानंतर पद्धत ठरली. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं ठिपक्यावर ठेवायचं, तो मऊ झाला की मोबाइलच्या संपलेल्या रिचार्ज कार्डाने कडेकडेने उचलायचा, मग बोळा फिरवायचा. चेहरा इतका गंभीर, की आता हे लाकडाला सुई टोचणार असं वाटावं.

मी म्हटलं, "अहो, मोठे मोठे गेले ना? राहू द्या बारीक चार."

"दिसतात ना."

"कोणाला दिसतात?"

"मला," ते म्हणाले आणि पुढच्या ठिपक्याकडे सरकले.

पाहुणा आला तो खजुराचा डबा घेऊन, बूट दाराशी काढून. यांनी त्याच्या पायांकडे बघतच त्याचं स्वागत केलं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. सौदी पाहुण्यासमोर बायकोने येऊ नये असं यांनीच ठरवलं होतं. त्या मुलाने तर विचारलंही, "मॅडम जेवणार नाहीत का?" त्याने पुरणपोळ्या मनापासून खाल्ल्या. जमिनीकडे एकदाही पाहिलं नाही. जेवण झाल्यावर मान खाली घालून म्हणाला, "उस्ताद, खरं सांगतो, मला काहीच येत नाही. तुम्ही गेलात तर मी बुडालो. मी साहेबांना सांगणार आहे, मला तुम्ही वर्षभर हवेत."

न मागताच मिळालं. त्यामुळे परीक्षेचा विषय निघालाच नाही. आपलं रडगाणं पाहुण्यापुढे कशाला गायचं, असं यांना वाटलं आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं. तो गेल्यावर हे मला म्हणाले, "बघितलंस? घर चकचकीत असलं की माणसाचं मत चांगलं होतं." मी भांडी जरा जास्तच जोरात घासली.

शुक्रवारी चहाला जमणाऱ्या मित्रांनी यांना बजावलं, "हातचं राखून शिकवा." त्यातल्या एकाने महिनाअखेरीच्या तक्त्याला असा पासवर्ड घातला होता, की साहेब बदलत गेले आणि तो तिथेच राहिला. यांना ते जमेना. मुलगा चुकला की सगळं परत करायला लावायचे. ऑफिसात वेळ पुरला नाही की त्याला घरी बोलवायचे. मी म्हटलं, "निदान महिनाअखेरीचं तेवढं ठेवा हो हातात." तर म्हणाले, "अर्धवट शिकवायचं, मग शिकवलं असं म्हणायचं कशाला?" मला संताप यायचा. पण दाराआडून त्यांचा शिकवतानाचा आवाज ऐकला की तो संताप टिकायचा नाही. इतका तरुण आवाज मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच काय तो ऐकला होता.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी तो मुलगा न सांगता आला. बसायच्या आधीच बोलायला लागला. "उस्ताद, मागच्या महिनाअखेरीचं काम मी एकट्याने केलं. एकही चूक निघाली नाही. वर्षाचं काम तुम्ही सहा महिन्यांत शिकवलंत. मी साहेबांना म्हटलं, आता त्यांना उगाच अडकवू नका, त्यांनाही घरी जायचं असेल. आज सही झाली. डिसेंबरअखेर तुम्ही मोकळे."

एकही चूक नाही, हे ऐकून यांचा चेहरा असा उजळला की मला दाराच्या फटीतून तो बघवेना. मग बाकीची वाक्यं एकेक करून त्यांच्यापर्यंत पोचली. तरी ते म्हणाले काय? "थँक यू." आणि त्याला चहा घेणार का विचारलं. आतल्या खोलीत मुलगी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिथूनच ती म्हणाली, "बट माय बोर्ड्स, बाबा?"

बाबांनी पाहुण्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मी तशीच पदराला हात पुसत बाहेर आले आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं, की मार्चमध्ये हिची बारावीची परीक्षा आहे, डिसेंबरमध्ये निघालो तर हिचं वर्ष जाईल, या एका वर्षासाठीच आम्ही तुला पहिल्यांदा जेवायला बोलावलं होतं.

तो उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "उस्तादांच्या जागी माझं नाव वर सरकारकडे गेलं, मॅडम," तो म्हणाला. "त्या खुर्चीवर कंपनी हिरवी झाली. आता मागे घेत नाहीत." मग माझ्याकडे पाठ करून तो यांच्याकडे वळला.

"उस्ताद, तुम्ही मला सगळं शिकवलंत. हे एवढं का नाही सांगितलं?"