एका ‘नको’चे भाषांतर

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच मान्य करतो. समुद्रपूरच्या एका शाळेत मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले. लिहिले ते फळ्यावर, आणि तेही तास संपताच पुसले जाईल या भरवशावर. आता उतारवयात पुसता न येणारे काही लिहावे, हा आगाऊपणाच झाला. परंतु गेल्या उन्हाळ्यात एका यंत्राच्या संगतीत जे घडले त्याचा उलगडा मला अजून पुरता झालेला नाही, आणि न सुटलेले उदाहरण वर्गापुढे मांडण्याची सवय काही सुटत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझी एकुलती मुलगी शिकण्यासाठी जर्मनीला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून तिथे स्थिरावली. त्या देशाच्या पूर्वेकडील एका लहानशा गावी जावयाच्या आईचे दुमजली घर आहे. खाली त्या राहतात, वर ही दोघे. मुलीला दिवस गेल्याचे कळले तेव्हा मी वर्ध्याच्या घरात एकटाच होतो. तिची आई जाऊन काही वर्षे झाली होती. पहिले बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण मुलीला नोकरी सोडून येता येईना. तेव्हा माहेरानेच तिकडे जावे, असे माझ्या मनाने घेतले.

हे मी कोणाजवळही बोललो नाही. तिकीट महिनाभराचेच काढले, परतीची तारीख बाळंतपणाच्या बरीच आधीची. कारण कोणी न म्हणता मुक्काम लांबवणे शोभत नाही. व्हिसा मात्र तीन महिन्यांचा होता, आणि सामानात डिंक, खारीक, आळीव, सुंठ, शिवाय जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी भरली होती. माझी थोरली बहीण कारंज्याहून भेटायला आली. तिने बॅग उघडून पाहिली.

“काऊन रे, तू तं फिराले चालला ना? मंग हे आळीव कोनासाठी? त्या गोऱ्याईले चारतं काय?”

“असू दे ताई.”

“असू दे म्हने! बाप्या मानूस बाळंतीन शेकाले चालला, अन् तोंडानं सांगत नाई.”

विहीणबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांच्या लहानपणी तिकडच्या शाळांत परकी भाषा म्हणून रशियन शिकवीत. यावर तोड म्हणून मुलीने मला भाषांतर करणारे इअरबड पाठवले होते. एका लहानशा डबीत पांढरे दोन दाणे. बहिणीने त्यांना पाहताक्षणी ‘बोंडं’ हे नाव दिले आणि मलाही ते पटले, कारण फुटू लागलेल्या कापसाच्या बोंडासारखीच ती दिसतात. ती कानात घालून मोबाइल समोर ठेवला, की समोरचा जर्मन बोलतो आणि क्षणभराने कानात मराठी ऐकू येते. आपण मराठीत बोललो, की मोबाइल मोठ्याने जर्मन बोलतो.

निघण्यापूर्वी मी घरी पुष्कळ प्रयोग केले. खोकलो, तर यंत्र गप्प राहिले. वाक्य अर्धवट सोडले, तर त्याने तेवढेच अर्धवट वाक्य निमूटपणे जर्मनमध्ये नेले. बहिणीच्या बोलण्यापुढे त्याने हात टेकले. माझे बोलणे मात्र त्याला फार मानवले. पूर्ण वाक्यात, क्रियापद जागच्या जागी ठेवून बोलण्याच्या माझ्या खोडीला शाळेत मुले हसत. तिचे चीज करणारे कोणीतरी अखेर भेटले, याचे मला कौतुक वाटले.

पहिल्या दुपारी मुलगी आणि जावई कामावर गेले होते. विहीणबाईंनी बागेतल्या मेजावर सफरचंदाचा केक आणून ठेवला. त्या काही बोलल्या, आणि माझ्या कानात एका तरुण स्त्रीचा सरळ, निर्विकार आवाज उमटला: “तुम्हाला केकचा एक तुकडा आवडेल का?”

“नको, नको. विमानात झाले आहे खाणे.”

मोबाइल जर्मनमध्ये बोलला. विहीणबाईंनी मान डोलावली आणि केकवर झाकण ठेवले. मी वाट पाहिली. त्यांनी स्वतःचा तुकडा शांतपणे संपवला आणि भांडी आत नेली. विमानातले खाणे मला मुळीच गेले नव्हते.

उपकरणावर संशय घेणे हा माझ्या विषयाचा पहिला धडा. बोललेले सर्व मोबाइलवर अक्षरांतही उमटते, म्हणून संध्याकाळी मी मुलीला ते जर्मन वाक्य वाचायला लावले.

“अगदी बरोबर आहे, बाबा. तुम्ही जे म्हणाले तेच आहे,” ती म्हणाली आणि उगाचच हसली. हसण्याचे कारण तिने सांगितले नाही.

मग मी उलट बाजूने प्रयोग केला. लोणी कढवून तूप केले आणि बहिणीला फोनवर विचारत विचारत डिंकाचे लाडू वळले. विहीणबाईंपुढे बशी धरली. त्यांनी लगेच एक घेतला, खाल्ला, आवडल्याचे सांगून दुसराही घेतला. तिसऱ्याला त्या नको म्हणाल्या. मी अर्थातच म्हणालो, “असे कसे? एक तरी घ्याच.” त्या पुन्हा नको म्हणाल्या. “माझ्या आग्रहाखातर!” यंत्र माझा आग्रह एकाच सुरात पोहोचवत राहिले. शेवटी त्यांनी तिसरा लाडू उचलला, आणि माझ्या कानातली स्त्री विचारती झाली: “हे खाणे माझ्यासाठी आवश्यक आहे का?”

मला हसू आले, पण त्यातला बोध तेव्हाच घ्यायला हवा होता. परतीला आठवडा उरला असताना, सकाळच्या न्याहारीला विहीणबाईंनी कप खाली ठेवला. कानात आवाज आला: “बाळ येईपर्यंत तुम्ही इथे राहावे, अशी माझी इच्छा आहे. खालची मागची खोली रिकामी आहे. तुम्ही राहाल का?”

ज्या प्रश्नासाठी मी आळिवाची पिशवी सातासमुद्रापार आणली होती, तो प्रश्न मला विचारला गेला होता. आणि माझी जीभ माझ्या पुढे धावली.

“छे, छे! कशाला तुम्हाला त्रास? तिकीटही काढलेले आहे.”

केक मला आठवला, पण तोवर मोबाइल बोलू लागला होता. त्या सरळ आवाजात माझा सगळा संकोच गळून पडला असणार आणि नुसता नकार उरला असणार. “ठीक आहे. मला समजले,” असे कानात आले. त्यांनी पावाला लोणी लावायला घेतले.

दुपारी मी बहिणीला फोन केला.

“ताई, मी नाई म्हनून बसलो ना.”

“मंग? दुसऱ्यांदा इचारलं नाई त्याईनं?”

“इथं दुसऱ्यांदा इचारतच नाईत.”

“कशी मानसं हायेत रे बाई!” ती म्हणाली. “पन आता पाहुन्यानं सोता मुक्काम मागावा? वर्ध्यात कोनाले सांगू नको बापा. अन् हे पाय, पोरीले इचारलं का तुनं, तिले का पाह्यजे ते?”

मुलीला विचारावे लागलेच नाही. संध्याकाळी ती स्वतःच माझ्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे लालसर होते.

“आई सांगत होत्या, तुम्हाला राहायचं नाही.” विहीणबाईंना ती आई म्हणते. “बाबा, किती वेळा नाही म्हणाले तुम्ही?”

“एकदाच.”

तिने सुस्कारा टाकला. “मग ते काही खरं नाही. पहिल्या वर्षी मीसुद्धा इथे लोकांच्या घरून उपाशी परत यायची. रस्त्यात ब्रेड घेऊन खायची.”

“तर मग तू सांग ना त्यांना, समजावून.”

“मी नाही सांगणार. मलाही तुम्ही कुठे सांगितलं? बॅगेतली दुपटी मी पहिल्याच दिवशी पाहिली. रोज वाटायचं, आज म्हणतील.”

मी बोंडे कानात घातली आणि बागेत गेलो. विहीणबाई टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होत्या. मनात मोठी प्रस्तावना तयार होती: आमच्याकडचा रिवाज, मुलीच्या आईची उणीव, व्हिसाची मुदत. त्यातले काहीच तोंडून फुटले नाही. मोबाइल पुढे धरून मी एवढेच म्हणालो, “मला राहायचे आहे.”

यंत्राला क्षणभर लागतो. वाक्य जर्मनमध्ये निघून गेल्यावर विहीणबाईंनी हातातली सुतळी खाली ठेवली.

“मग सकाळी नाही का म्हणालात?”

“आमच्याकडे पहिले ‘नाही’ हे उत्तर नसते. समोरच्याने पुन्हा विचारायचे असते.”

त्यांनी हातातली काठी रोपाला टेकवून ठेवली. नंतर कानात आले: “म्हणजे केकसुद्धा?”

“केकसुद्धा.”

“माझे तसे नव्हते. तिसरा लाडू मला खरोखरच नको होता.”

त्यांनी मला आत बोलावले, केक नव्हता म्हणून पाव आणि मुरंबा पुढे ठेवला, आणि घेणार का असे विचारले. मी हो म्हणालो. एकदाच विचारल्यावर हो म्हणताना काहीतरी हावरटपणा केल्यासारखे वाटले, पण मुरंबा चांगला होता. रात्रीच्या जेवणाआधी जावयाने तिकिटाची तारीख पुढे नेली.

नात झाली तेव्हा मी तिथे होतो. आळिवाची खीर मुलीने खाल्ली, तिच्या सासूबाईंनी चाखली, आणि दुपटी कामी आली. याहून अधिक सांगणे मला जमणार नाही.

आता मी वर्ध्याला परतलो आहे. येत्या थंडीत विहीणबाई नातीला घेऊन मुलगी-जावयासोबत येणार आहेत. केळझरच्या गणपतीला जायचे ठरले आहे, आणि तिथून कारंज्याला बहिणीकडे जेवायला. बहीण एका ‘नको’वर वाढायची थांबेल, हे संभवत नाही, पण पहिले ताट माझ्या घरी मांडले जाईल. तिकडे ‘नको’ म्हणजे नको, हे मी शिकून आलो. मात्र आमच्याकडे कसे चालते हे त्याही शिकल्या आहेत, आणि माझ्या घरी त्या माझ्याच रीतीने वागू लागल्या, तर बोंडे कानात असूनही मला ते कळणार नाही. वाचकहो, भाकरी वाढताना त्या पहिल्यांदा ‘नको’ म्हणाल्या, तर मी हात मागे घ्यावा की पुन्हा एकदा विचारावे?